आधी पेटी मुरवा, मग मासे आणा



लोणचे घातले की आपण ते त्याच दिवशी ताटात वाढतो का? नाही. बरणीचे तोंड फडक्याने बांधतो आणि फोडी मुरू देतो. नवा माठ आणला तर त्यातले पहिले पाणी पीत नाही. दोनचार दिवस पाणी भरतो, ओतून देतो, मग माठ वापरात घेतो. शेणही ओले शेतात टाकत नाही. उकिरड्यात कुजू देतो, मगच त्याचे खत होते. म्हणजे कुठे थांबावे हे आपल्याला चांगले ठाऊक आहे.

पण एका ठिकाणी भलेभले थांबत नाहीत. त्यापायी मुके जीव मरतात. ते ठिकाण म्हणजे माशांची काचेची पेटी. तिला कुणी फिश टँक म्हणतात, कुणी अ‍ॅक्वेरियम म्हणतात. आपण नुसते पेटी म्हणू.

ही पेटी आता फक्त श्रीमंतांच्या बंगल्यात राहिलेली नाही. आमच्या महाळुंग्याचेच पाहा ना. खेड तालुक्यातले हे गाव. पूर्वी इथे बाजरी, ज्वारी, कांदा पिकत असे. आता चाकणच्या कारखान्यांनी गाव वेढले आहे. बाहेरगावची कामकरी मंडळी खोल्या भाड्याने घेऊन राहतात. दिवसभर यंत्राचा आवाज, रात्री पाळीची धावपळ. अशा घरात एखादी लहानशी पेटी असते. पोरे तिच्यापुढे बसतात. हौस चांगली आहे. मात्र हौशीबरोबर थोडे ज्ञानही हवे.

आठ दिवसांत आठ मासे

माझ्या शेजारी एक तरुण कुटुंब राहते. नवराबायको मराठवाड्यातून आलेली. नवरा कारखान्यात पाळीने कामाला जातो. बायको घर सांभाळते आणि संध्याकाळी आमच्या साक्षरतेच्या वर्गाला येते. त्यांना 6 वर्षांची एक मुलगी आहे.

मुलीच्या वाढदिवसाला बापाने पेटी आणली. 2 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 फूट उंच. दुकानदाराने पेटी दिली, रंगीत खडे दिले, हवेचा पंप दिला आणि त्याच पिशवीबरोबर 8 मासेही दिले. संध्याकाळी नळाचे पाणी भरले. दिवा लावला. मासे सोडले. सगळी चाळ बघायला जमली. पाणी कसे? आरशासारखे नितळ!

तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंड उघडू-मिटू लागले. चौथ्या दिवशी एक मेला. बापाने पेटी रिकामी केली. खडे, काच, पंपाचा स्पंज, सगळे साबणाने खसाखसा धुतले. ताजे पाणी भरले. पाचव्या दिवशी आणखी दोन मेले. पुन्हा धुलाई. आठव्या दिवशी शेवटचा मासा मेला.

पोरीने जेवण सोडले. घरात कुरबुर सुरू झाली. कुणी म्हणाले, "नजर लागली." कुणी म्हणाले, "मासेच रोगट होते." कुणी म्हणाले, "कंपन्यांचं पाणी नळात येतंय." शेवटी तो तरुण माझ्याकडे आला.

"गुरुजी, काय चुकलं हो माझं? दर दोन दिवसाला पेटी लख्ख धुतली. एक कण घाण राहू दिली नाही."

मी म्हणालो, "अरे बाबा, तुझा हेतू चांगला होता. पण तिथेच चुकलं. घाण काढताना तू घाण खाणारेही काढून टाकलेस."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. तुम्हालाही नवल वाटले असेल. म्हणून ही गोष्ट नीट समजून घेऊ.

पाणी नितळ, पण विषारी

दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. पाण्याच्या बाबतीत ही म्हण अगदी खरी आहे.

सकाळी बंद गोठ्याचे दार उघडले की कसा वास येतो? नाकाला झोंबतो. कधी डोळेही चुरचुरतात. रात्रभर साचलेल्या मुतातून एक वायू निघतो, त्याचा तो वास. त्या वायूचे नाव अमोनिया. गोठ्यात वारा खेळला की तो निघून जातो.

मासाही खातो आणि मलमूत्र टाकतो. त्याच्या शरीरातला अमोनिया बहुतेक कल्ल्यांतूनच पाण्यात उतरतो. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते, त्यातूनही अमोनिया होतो. अमोनियाला रंग नसतो. पाण्यात तो थोडा असला तर वासही येत नाही. म्हणून पाणी नितळ दिसते. पण माशाला श्वास त्याच पाण्यातून घ्यायचा असतो. अमोनियाने त्याचे कल्ले भाजल्यासारखे होतात. मग तो वर येऊन तोंड उघडतो. आपल्याला वाटते, मासा खाऊ मागतो आहे. आपण आणखी खाद्य टाकतो. विष आणखी वाढते.

किती अमोनियाने मासा आजारी पडतो? गच्चीवरची 1000 लिटरची टाकी डोळ्यांपुढे आणा. तेवढ्या पाण्यात 1 ग्रॅम अमोनिया, म्हणजे लिटरमागे 1 मिलिग्रॅम. एवढ्यानेसुद्धा मासे आजारी पडू शकतात. पाणी ऊन असेल आणि क्षारयुक्त असेल, तर अमोनिया जास्तच बाधतो. आपल्या बाजूला कित्येक विहिरींचे आणि बोअरचे पाणी जड असते. त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. असे पाणी वापरताना अधिक जपावे लागते.

मग नदीतले मासे कसे जगतात? तिथे पाणी पुष्कळ असते, ते वाहते असते. शिवाय तिथे घाण पचवणारे कामकरी असतात. नव्या पेटीत पाणी थोडे, तेही कोंडलेले. आणि कामकरी एकही नाही.

न दिसणारे कामकरी

हे कामकरी म्हणजे जीवाणू. जीवाणू हा इतका बारीक जीव की तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. सूक्ष्मदर्शक यंत्रातूनच दिसतो. जीवाणू म्हटले की आपल्याला रोग आठवतो. पण सगळे जीवाणू वाईट नसतात. दुधाचे दही कोण करते? जीवाणू. हरभऱ्याच्या मुळांवर गाठी असतात, त्यात कोण राहते? जीवाणूच. ते हवेतले नत्र पिकाला मिळवून देतात.

पेटीतले आपले कामकरी खड्यांवर, काचेवर आणि पंपाच्या स्पंजवर बुळबुळीत थर धरून राहतात. मोकळ्या पाण्यात ते थोडेच असतात. त्यांचे काम दोन पाळ्यांत चालते.

पहिल्या पाळीचे जीवाणू अमोनिया घेतात आणि त्याचे नायट्राइट करतात.

दुसऱ्या पाळीचे जीवाणू ते नायट्राइट घेतात आणि त्याचे नायट्रेट करतात.

ही दोन नावे सारखी वाटतात, पण गुणात मोठा फरक आहे. नायट्राइट हेही विषच. ते माशाच्या रक्तात शिरते आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती मोडते. रक्त तपकिरी होते. पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट मात्र बरेच सौम्य असते. ते थोडे साठले तरी मासा सहन करतो. पाणवनस्पती तर ते खाऊन वाढतात.

शेतकऱ्याला ही गोष्ट नवी नाही. आपण शेतात युरिया टाकतो. मातीत त्याचा आधी अमोनिया होतो, मग नायट्राइट, मग नायट्रेट. पीक ते मुळाने ओढून घेते. म्हणजे शेतात जे चालते तेच पेटीत चालते. फक्त शेतात हे कामकरी आधीपासून नांदत असतात. पेटीत त्यांना वस्ती करायला वेळ द्यावा लागतो.

कारखान्यात काय होते? पहिल्या पाळीने माल पुढे दिल्याशिवाय दुसरीला काम नसते. इथेही तसेच. आधी अमोनिया हवा, तेव्हा पहिली पाळी वाढते. तिने नायट्राइट केले, की मग दुसरी वाढू लागते. आणि हे जीवाणू वाढतात फार सावकाश. दह्याचे जीवाणू एका रात्रीत भांडे भरून टाकतात. पेटीतल्या ह्या जीवाणूंना एकाचे दोन व्हायलाच कधी दिवस, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून नवी पेटी मुरायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात.

वाळूच्या नळीतला प्रयोग

ही गोष्ट माणसाला कशी कळली? तीही ऐकण्याजोगी आहे.

1877 साली फ्रान्स देशात श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोन शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. त्यांनी एका लांब नळीत वाळू आणि चुनखडी भरली. वरून गटाराचे पाणी अगदी हळूहळू सोडले. खालून निथळणारे पाणी ते तपासत राहिले. सुमारे 20 दिवस काहीच घडले नाही. वरून अमोनिया जाई, खालूनही अमोनियाच येई. त्यानंतर एकाएकी फरक दिसू लागला. अमोनिया कमी झाला आणि त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले.

वाळूच हा बदल करते म्हणावे, तर तो पहिल्या दिवसापासून व्हायला हवा होता. 20 दिवस कशाला लागले? म्हणजे वाळूत कुणीतरी जिवंत वाढत होते. खात्री करण्यासाठी त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम बंद पडले. नंतर चांगल्या मातीचे धुवण नळीत घातले. काही दिवसांनी काम पुन्हा सुरू झाले.

पुढे 1890 च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जीवाणू वेगळे करून दाखवले. दोन कामे करणारे दोन वेगळे जीवाणू असतात, हे त्याने सिद्ध केले. आणि 2015 साली आणखी एक नवल उघड झाले. दोन्ही कामे एकट्याने करणारा जीवाणूही असतो! मासे पाळण्याच्या पाण्यातसुद्धा तो सापडला. म्हणजे शास्त्राची वही अजून भरतेच आहे.

आमच्या शेजाऱ्याच्या पेटीत काय झाले होते, ते आता उघड आहे. त्याने 20 दिवस होऊच दिले नाहीत. दर दोन दिवसांनी साबण लावून वस्ती उठवली.

पेटी कशी मुरवावी?

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. एकेक पायरी सावकाश वाचा.

1. पेटी भक्कम ठिकाणी ठेवा. पाणी जड असते. 50 लिटर पाण्याचे वजन 50 किलो, शिवाय काच आणि खडे निराळे. उन्हाच्या झोतात ठेवू नका. पाणी हिरवे होते.

2. खडे किंवा जाड वाळू साध्या पाण्याने धुऊन तळाशी पसरा. साबण, सोडा, फिनेल यांचा हात लावू नका.

3. नळाचे पाणी लगेच वापरू नका. साथीचे रोग होऊ नयेत म्हणून ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल पावडर घालते. तिच्यामुळे पाण्यात क्लोरीन उतरते. माणसाला ते हितकारक, पण माशाला आणि आपल्या कामकरी जीवाणूंना मारक. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून ओटी चाचणी करतो. पाणी पिवळे झाले की त्यात क्लोरीन आहे असे समजते. असे पाणी पसरट भांड्यात 24 तास उघडे ठेवा, अधूनमधून ढवळा. क्लोरीन उडून जाते.

4. हवेचा पंप आणि स्पंजचा फिल्टर सुरू करा. तो रात्रंदिवस चालू ठेवा. ह्या जीवाणूंना प्राणवायू लागतो. वीज गेली तर स्पंज सुकू देऊ नका, पाण्यातच राहू द्या.

5. आता पेटीत मासे नाहीत, मग जीवाणूंना अमोनिया कोठून मिळणार? तो आपण पुरवायचा. रोज माशांचे खाद्य अगदी लहान चिमूटभर पाण्यात टाका. ते कुजते, अमोनिया होतो. चिमूट म्हणजे चिमूटच. मूठ नव्हे. फार टाकले तर पाणी नासते आणि घरभर घाण सुटते.

6. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधासारखे पांढुरके होईल. घाबरू नका आणि पाणी ओतून देऊ नका. कुजके खाणारे दुसरे जीवाणू भराभर वाढतात, त्यामुळे असे होते. काही दिवसांत पाणी आपोआप निवळते.

7. पाणी तपासा. माशांच्या दुकानात तपासणीच्या औषधाच्या बाटल्या मिळतात. नळीत पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे आणि रंग कागदावरच्या रंगाशी जुळवायचा. अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट अशा तीन तपासण्या असतात. चारपाच घरांनी मिळून एक संच घेतला तरी पुरतो.

विरजण लावले की दही लवकर लागते. इथेही विरजण चालते. कुणाकडे जुनी, चांगली चाललेली पेटी असेल, तर तिच्यातले मूठभर खडे किंवा फिल्टरच्या स्पंजचा तुकडा ओलाच आणून आपल्या पेटीत घालावा. तो आपल्या कामकऱ्यांनी भरलेला असतो. मग पेटी बरीच लवकर मुरते. पण त्या पेटीतले मासे निरोगी आहेत ना, ते आधी पाहा. नाहीतर विरजणाबरोबर रोगही यायचा.

वहीतली नोंद

हे सगळे ऐकून शेजारी म्हणाला, "गुरुजी, दीड महिना रिकामी पेटी बघत बसायचं? लोक हसतील की!"

मी म्हणालो, "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! लोक दोन दिवस हसतील. मासे मेले तर पोर पुन्हा रडेल."

त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. मग रोज नोंद कोण ठेवणार? मुलीची आई हळूच म्हणाली, "गुरुजी, मी ठेवू का? मला आता आकडे येतात."

तिने एक वही केली. चार रकाने आखले. माझ्या परवानगीने नव्हे, तिच्या परवानगीने त्यातल्या काही ओळी इथे देतो. आकडे लिटरमागे मिलिग्रॅमचे आहेत.

दिवस 1. पाणी भरले. पंप लावला. खाद्य एक चिमूट.

दिवस 4. पाणी पांढरे झाले. गुरुजी म्हणाले ओतू नको. ओतले नाही.

दिवस 8. अमोनिया 2. नायट्राइट नाही.

दिवस 15. अमोनिया 1. नायट्राइटचा रंग जांभळा झाला.

दिवस 22. अमोनिया 0. नायट्राइट अजून खूप जांभळा.

दिवस 29. नायट्राइट फिका. नायट्रेट आले.

दिवस 36. अमोनिया 0. नायट्राइट 0. पाणी स्वच्छ.

बावीसाव्या दिवशी नवरा म्हणाला होता, "अमोनिया शून्य झाला. आणू का मासे?" बायकोने वही पुढे केली. "हा जांभळा रंग बघा. पहिली पाळी कामावर आली, दुसरी अजून यायचीय." तो गप्प बसला. त्या दिवशी अक्षरांनी मासे वाचवले, असे मी म्हणतो. वही नसती, तर पेटी पुन्हा एकदा मसणवटा झाली असती.

छत्तिसाव्या दिवशीही आम्ही लगेच मासे आणले नाहीत. एक परीक्षा घेतली. नेहमीसारखी चिमूट टाकली. दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी पाणी तपासले. दोन्ही विषे शून्यच. म्हणजे जेवढा अमोनिया होतो, तेवढा पचतो आहे. पेटी मुरली!

मग साठलेले नायट्रेट कमी करण्यासाठी निम्मे पाणी बदलले आणि 4 गप्पी मासे आणले. मासे पिशवीसकट पाण्यावर 20 मिनिटे तरंगत ठेवले. मग पिशवीत थोडे थोडे पेटीचे पाणी घातले आणि मासे सोडले. मुलगी रात्री उशिरापर्यंत पेटीपुढून उठली नाही. सकाळी चारही मासे पोहत होते. महिना झाला तरी पोहत होते. पुढे त्यांना पिलेही झाली.

मासे आल्यावर काय करावे?

एकदम पुष्कळ मासे आणू नका. जीवाणू जेवढा अमोनिया मिळतो तेवढेच वाढतात. चार माशांची सोय झाली म्हणून बारांची होत नाही. दोन आठवडे थांबून आणखी दोनचार आणा. गप्पी मासा लहान आणि काटक असतो, म्हणून नवख्याला बरा. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खातेही त्याचा उपयोग करते. गोल्डफिश दिसतो गोजिरवाणा, पण तो मोठा होतो आणि घाणही फार करतो. त्याला मोठी पेटी लागते.

खाद्य थोडे टाका. दोनतीन मिनिटांत संपेल एवढेच. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. नवे पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेले असावे. काढलेले जुने पाणी मोरीत ओतू नका. ते तुळशीला, मिरचीच्या रोपाला घाला. त्यात नायट्रेट आहे, म्हणजे खतच आहे.

स्पंज घाण झाला तर नळाखाली धुऊ नका. पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळा. काळेपणा राहिला तरी चालतो. तो बुळबुळीत थर ही आपली कामकऱ्यांची वस्ती आहे.

आणि समजा, तुम्ही आधीच मासे आणून सोडले आहेत, तर? तरीही उपाय आहे. दर दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदला. खाद्य निम्म्याहून कमी करा. साबण दूर ठेवा. पंप बंद करू नका. बरेच मासे वाचतात.

हौस फिटली म्हणून पेटीतले मासे नदीत, तळ्यात सोडू नका. परक्या मुलखाचे मासे मोकळ्या पाण्यात वाढले, तर आपल्या देशी माशांचे अन्न आणि जागा बळकावतात. ज्याला हवे त्याला ते द्यावेत.

पेटीपासून नदीपर्यंत

एके दिवशी मुलीच्या आईने मला विचारले, "गुरुजी, मग आपल्या इंद्रायणीत पण हे कामकरी आहेत का?"

प्रश्न मोठा होता. हो, आहेत. इंद्रायणी लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावते. देहू, आळंदी करीत तुळापूरला भीमेला मिळते. तिच्या दगडांवर, वाळूवर, गाळात हेच जीवाणू राहतात. गावाची थोडी घाण ते पूर्वापार पचवीत आले. म्हणून आपले वाडवडील म्हणत, वाहते पाणी आपोआप शुद्ध होते.

पण कामकऱ्यांच्या शक्तीला मर्यादा असते. चार माशांच्या पेटीत चाळीस मासे सोडले तर काय होईल? नदीचे तसे झाले. दोन्ही काठांवर वस्ती वाढली, कारखाने वाढले. मैलापाणी आणि सांडपाणी जसेच्या तसे नदीत येऊ लागले. घाण कुजण्यातच पाण्यातला प्राणवायू संपतो. मग आपले कामकरीही गुदमरतात आणि मासेही. आळंदीला पाण्यावर पांढरा फेस तरंगताना वारकऱ्यांनी पाहिला आहे.

याला उपाय काय? मैलापाणी नदीत सोडण्यापूर्वी ते मुरवणे. पिंपरी-चिंचवडमध्ये मैलापाणी शुद्ध करण्याची केंद्रे आहेत. तिथे मोठमोठ्या हौदांत पाण्यात हवा सोडतात आणि जीवाणूंकडून घाण पचवून घेतात. आपल्या पेटीतला पंप आणि स्पंज जे करतो, तेच मोठ्या प्रमाणावर. पण जे पाणी केंद्रापर्यंत पोचतच नाही, ते कसे शुद्ध होणार? म्हणून आपल्या वस्तीचे सांडपाणी कुठे जाते, हे ग्रामसभेत विचारायला शिकले पाहिजे.

पेटीतले पाणी बिघडले तर आपण ते बदलू शकतो. नदी बदलता येत नाही.

ध्यानात ठेवा

नितळ पाणी म्हणजे निर्विष पाणी नव्हे.

नवी पेटी 4 ते 6 आठवडे मुरू द्यावी.

अमोनिया शून्य आणि नायट्राइट शून्य, दोन्ही झाल्यावरच मासे आणावेत.

पेटीला साबण लावू नये. स्पंज नळाखाली धुऊ नये.

रोजची नोंद वहीत ठेवावी. आठवण चुकते, वही चुकत नाही.

विचार करून उत्तरे लिहा

1. मासे वर येऊन तोंड उघडतात, तेव्हा खाद्य टाकणे योग्य का? का नाही?

2. बावीसाव्या दिवशी मासे आणले असते तर काय झाले असते?

3. वाळूच्या नळीत क्लोरोफॉर्म सोडल्यावर काम का बंद पडले?

4. पेटी 2 फूट लांब, 1 फूट रुंद आणि 1 फूट उंच आहे. एका घनफुटात सुमारे 28 लिटर पाणी मावते. काठोकाठ भरली तर किती लिटर पाणी मावेल? त्याचा चौथा हिस्सा किती?

5. तुमच्या घरातले सांडपाणी कुठे जाते? त्याच्या मागोमाग चालत जाऊन पाहा आणि पाच ओळी लिहा.